साडेसात टक्के

डुलूथच्या वाचनालयाच्या तळघरात, मार्च महिन्यात,
आम्ही चार निवृत्त माणसं लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतो.
बाहेर सरोवर अजून गोठलेलं. आत हीटरची खडखड.
हेल्मी राउतिओ येते. वय एक्क्याऐंशी. बुटांना बर्फ.
हातात मासेमारीच्या गळांची पेटी,
खणाखणांत पावत्या:
गळ असायचे तिथे औषधं,
शिशाच्या वजनांच्या जागी डायपर,
आणि पिसांच्या खोट्या माशांच्या खणात
विमा कंपनीचं पत्र, चार घड्या घातलेलं.
"ओन्नीची पेटी," ती म्हणते. "त्याला आता लागत नाही."

अठ्ठावन्नाव्या वर्षी घेतलेली पॉलिसी.
हप्ता भरताना दर वेळी कुरकुरायचा,
मी काय लगेच अंथरूण धरतोय?
चोवीस वर्षं त्याने कालव्यावरचा पूल वर उचलला,
खनिजाची जहाजं खालून जावीत म्हणून.
जहाजाने भोंगा दिला की हाही भोंग्यानेच उत्तर द्यायचा.
आता खाटेवरून खुर्चीत यायला दोन माणसं लागतात.

कायद्याला माणूस सहा गोष्टींत मावतो:
जेवणं, आंघोळ, कपडे, शौचाला जाणं,
धरून ठेवता येणं,
इथून उठून तिथे बसणं.
दोन जमेनाशा झाल्या की नर्स सही करते,
विम्याचे पैसे सुरू होतात
आणि खर्चाच्या आत असतील तोवर त्यांवर टॅक्स नाही.
ओन्नीच्या चार गेल्या.
बायकोचं नाव आठवणं ह्या सहांत नाही.
त्याची ओळ वेगळी. तिथली सहीसुद्धा झाली आहे.

मी बेरीज मांडतो.
नर्सिंग होमचं वर्षाचं बिल. त्यातून विम्याने दिलेलं वजा,
कारण दुसऱ्याने भरलेलं दुःख
आपलं म्हणून दाखवता येत नाही.
मग तिची कवळी, तिचा चष्मा,
तिच्या स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता, वयाला नेमून दिलेल्या मर्यादेपर्यंत.
"आणि मैल?"
वहीत पेन्सिलीने रोजचे मैल:
अकरा जाताना, अकरा येताना.
डॉक्टरकडे नेलेले धरता येतात.
नुसतं भेटायला गेलेले नाहीत.
डॉक्टरचे भरले चौऱ्याऐंशी.
बाकीचे सात हजारांवर, वादळाचे दिवस सोडून.
मी ते खोडत नाही. पानं उलटत जातो.

आता उंबरठा.
ही साडेसाती वर्षांची नाही, टक्क्यांची.
उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांपर्यंतचं आजारपण
ज्याचं त्याचं.
गळ्याशी आलेलं धरत नाहीत,
डोक्यावरून गेलं तेवढंच मोजायचं.
ते मोजलं. त्यात घरपट्टी घातली, चर्चला दिलेले घातले,
आणि तरी ती रक्कम
सगळ्यांना न मागता मिळणाऱ्या ठोक वजावटीला
तीनशे सहा डॉलर कमी पडली.
म्हणजे पेटीतली एकही पावती उपयोगाची नाही.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवतो.
चाळीस वर्षं गणित शिकवलं;
नापास मुलाला पेपर दाखवताना जो आवाज लागायचा
तोच लागतो.
ती आकडा दोनदा वाचते.
"म्हणजे अजून थोडं आजारी पडायला हवं होतं आम्ही,"
चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

पावत्या परत खणांत घालताना
तळाशी राहून गेलेला एक गळ तिच्या बोटात शिरतो.
एवढासा थेंब, औषधाच्या बिलावर.
मी भिंतीवरच्या डब्यातून पट्टी काढून
गुंडाळतो, जरा वाकडीच.
ती बोट दिव्याखाली धरून बघते.
"ह्याची पावती?"

मी कोऱ्या कागदावर लिहितो:
पट्टी, एक. शून्य डॉलर.
तारीख. सही.
ती त्याच्या चार घड्या घालते
आणि खोट्या माशांच्या खणात ठेवते.